कोराडीचा वारा आणि आमचे जावईबापू

जगातली कोणतीही दोन यंत्रं एकमेकांना जोडता येतात, मधली वायर तेवढी सापडली पाहिजे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला. आम्ही सगळे त्यांना जावईबापू म्हणतो. नाव आहे त्यांना, चांगलं देवाचं नाव आहे, पण ते फक्त रेशन कार्डावर वापरात आहे. उंच, सडपातळ माणूस. लोकांच्या खिशाला पेन असतो तिथे यांच्या खिशाला टेस्टर. मुलगी पाहायला आले तेव्हाही होता. बेबी, म्हणजे माझी बहीण, जिला त्रेसष्टाव्या वर्षीही आम्ही बेबीच म्हणतो, ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तर हे मान वर करून आमच्या पंख्याकडे बघत बसलेले. बाबांनी विचारलं, "मग, पसंत आहे का?" हे म्हणाले, "पसंत आहे. कपॅसिटर तेवढा गेला आहे." दुसऱ्या दिवशी सायकलवर येऊन त्यांनी पंख्याचा कपॅसिटर बदलून दिला, लग्नाची तारीख त्यानंतर ठरली. तो पंखा अजून फिरतो.

कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी तेहतीस वर्षं काढली, तीही कंट्रोल रूममध्ये, तीन पाळ्यांत. त्यामुळे झालं काय, की संसारही त्यांनी वीज केंद्रासारखाच चालवला. घरात एक लॉगबुक, म्हणजे लांबट जाड वही. डाव्या रकान्यात वेळ, उजव्या रकान्यात काय घडलं ते. "७.१० – दूध आले. ७.२५ – दूध उतू गेले. कारण: सौ. फोनवर होत्या." बोलताना ते बेबीला 'अवं' म्हणतात, पण वहीत ती कायम 'सौ.' आणि कायम आदरार्थी. मी चार दिवस राहायला गेले आणि दोघंही बाहेर निघाले, की दारात चप्पल घालता घालता हे माझ्यासमोर वही धरणार, "मोठ्या बाई, चार्ज घ्या. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, एक बाकी आहे." सही घेतल्याशिवाय माणूस उंबरा ओलांडायचा नाही.

त्याहून मोठं प्रकरण म्हणजे लाल पाटी. वीज केंद्रात असा कायदा असतो म्हणे, की एखाद्या मशीनवर काम करायचं तर आधी तिची वीज तोडायची आणि स्विचला पाटी टांगायची: 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' आणि ज्यानं पाटी टांगली त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं, साहेबानंसुद्धा, हात लावायचा नाही. कायदा चांगलाच आहे, माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. पण एकदा माझ्या घरी मिक्सर दुरुस्त करता करता त्यांना ड्युटीचा फोन आला आणि हे पाटी तशीच ठेवून निघून गेले. तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात चटणी नाही. घरचे म्हणाले, "काढ ना वं ती पाटी, कायले भेतं?" पण माझा हात काही धजला नाही. चौथ्या दिवशी जावईबापू आले, पाटी काढली, बटण दाबलं आणि मिक्सर गरगर फिरला. तो पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला होता. माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं त्यांनी! "मोठ्या बाई, तीन दिवस चटणी नाही खाल्ली, पण पाटीले हात नाही लावला. प्लांटमधी असत्या तर कुठच्या कुठं गेल्या असत्या."

मशीनचं दुखणं ते कानानं ओळखतात. लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, एक टोक मशीनला, दुसरं कानाला, आणि डोळे बंद. फ्रिज, कूलर, शेजाऱ्याची स्कूटर, सगळ्यांची नाडी अशीच पाहतात. एकदा जिने चढून मला धाप लागली तर माझ्याकडेही तसंच बघायला लागले. बेबीनं वेळीच स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. आणि वायरींचं तर विचारूच नका. तीन लोखंडी ट्रंका भरून वायरी, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. 'जुना रेडिओ. उपयोगी पडेल.' 'कशाची आहे माहीत नाही. उपयोगी पडेल.' कोराडीहून घर हलवलं तेव्हा बेबीनं आपला पाटा-वरवंटा मागे सोडला, पण ट्रंका आल्या.

ते कोराडीचं क्वार्टर म्हणजे बेबीचं राज्य होतं बघा. तळमजला, पुढे अंगण, अंगणात सदाफुली आणि कढीपत्त्याचं झाड, आणि भिंतीच्या खिळ्यापासून झाडापर्यंत बांधलेली कपड्यांची दोरी. वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या लांब होत्या, पण अंगणातून दिसायच्या. वारा एरवी दुसरीकडे जायचा. कधी कॉलनीकडे वळला, की पिठासारखी बारीक राख उतरायची आणि पांढरे कपडे करडे व्हायचे. म्हणून त्या ओळीतल्या बायकांनी आपसात एक रीत पाडली होती. जिच्या आधी लक्षात येईल तिनं अंगणात उभं राहून ओरडायचं, "वारा फिरला वं!" आणि मग दहा घरांतून दहा बायका हातातलं टाकून बाहेर. तव्यावरची पोळी जळली तर जळू दे. एकदा मी तिच्याकडे जेवत होते; आरोळी ऐकली तशी बेबी घास ताटात टाकून धावली आणि नुसत्या डाव्या हातानं चार चादरी ओढून आणल्या. परत येऊन तोच घास उचलला आणि म्हणाली, "हं, काय सांगून राहिली होती तू?" जावईबापू अशा वेळी अर्थातच ड्युटीवर, नाहीतर रातपाळीच्या झोपेत. "धूर हे करणार, कपडे मी काढणार," बेबी म्हणायची, "आमचा जोडीचा धंदा आहे, ताई."

मग ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि हुडकेश्वरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही. क्वार्टर सोडायच्या आठवड्यात त्यांची मुलगी बंगलोरहून आली होती. तिच्यापाशी ऑफिसचा एक कॅमेरा होता, संत्र्याएवढा गोल. त्याला म्हणे पाठ-पोट काही नसतं, चहूकडचं एकदम दिसतं. तिनं तो अंगणात पालथ्या बादलीवर ठेवला, सगळ्यांना आत पिटाळलं, दार लावून घेतलं आणि पंधरा मिनिटं अंगण भरून घेतलं. ते चित्र तिनं कॉम्प्युटरमध्ये ठेवलं आणि सगळे विसरून गेले. पुढे ती नवऱ्यासोबत कॅनडाला गेली. जाताना नवऱ्याचा खेळायचा कपाटाएवढा कॉम्प्युटर आईबापाकडे ठेवला, आणि दुसरी एक वस्तू ठेवली, डोळ्यांवर चढवायचा टोप. टीव्हीला जोडायची ती खेळांची पेटी असते ना, तिच्यासोबतचा. तो घातला, की माणूस चित्राच्या बाहेर नाही, आत उभा असतो. पेटी कॅनडाला गेली, टोप इथे राहिला, कारण तो घातला की पोरीला मळमळायचं. बेबीनं तेव्हाच दम दिला होता, "अवो, त्याले हात लावसान तर पाहा. लेकीची वस्तू आहे." जावईबापूंनी तीन वर्षं हात लावला नाही. किती जड गेलं असेल!

मागच्या वर्षी बेबी बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. रामदासपेठेत ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. पण बेबीनं जी भीती घेतली, ती काही जाईना. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून पलंग, तेही दोघांनी उचलून. वॉकर समोर ठेवला, की ती त्याच्याकडे असं बघायची, जसा काही तो चावणार आहे. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची; तिच्या चपलांचा आवाज आला, की ही झोपेचं सोंग घ्यायची. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हाड जुळलंय. आता महिन्याभरात पायावर भार घेतला नाही, तर पुढं पाय ऐकणार नाही. मग खुर्ची कायमची." हे ऐकलं आणि मी बॅग भरून हुडकेश्वरला जाऊन बसले.

रोज सकाळी दहाला आम्ही दोघं तिला उभं करायला जायचो आणि रोज हरून परत यायचो. वहीत नोंद पडायची. "१०.०० – सौ. उठल्या नाहीत." दुसऱ्या दिवशी, "१०.०० – सौ. उठल्या नाहीत. रागावल्या." मी लाडानं सांगितलं, ओरडून सांगितलं, आईची शपथ घातली. तर म्हणते कशी, "उठून जाऊ कुठं वं ताई? गॅलरीत? समोरच्याची गॅलरी पाहाले? कोराडीचं अंगण असतं तर उठलीही असती." जावईबापू दारात उभे होते. त्यांनी टेस्टर खिशातून काढला, पुन्हा लावला. आणि थोड्या वेळानं टोपाचा डबा हॉलमध्ये आला.

"मोठ्या बाई," मला हळूच म्हणाले, "कोराडी कॉम्प्युटरमधी पडली आहे, अन् डोळे या डब्यात. दोघंही याच घरात आहेत. मधात वायर नाही, एवढीच गोष्ट आहे." लगेच कॉम्प्युटरच्या स्विचला लाल पाटी लागली.

एवढीच गोष्ट, पण तिनं तीन आठवडे खाल्ले. टोपाला शेपटीसारखी एकच वायर. ती कॉम्प्युटरच्या भोकात बसायची बरोबर, पण आत जाऊन गप्प बसायची. तो टोप आपल्या पेटीशिवाय कोणाशी बोलायलाच तयार नाही. मग कळलं, की मध्ये एक छोटी डबी लागते. डबी मागवली, आली. उघडून बघतात तर कॉम्प्युटरमधून डबीकडे चित्र आणणारी जी जाड वायर लागते, ती खोक्यातच नाही. तुमची तुम्ही बघा म्हणे. जावईबापू हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "वायर? माझ्या घरी?" तिन्ही ट्रंका हॉलमध्ये पालथ्या झाल्या. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी एकेक वायर लावून पाहिली, जुन्या रेडिओची, कशाची माहीत नाही तिची, आणि एकही बसेना. आयुष्यभराचं 'उपयोगी पडेल' हॉलभर पसरलेलं, मधोमध हा माणूस मांडी घालून बसलेला, आणि खोलीतून बेबीचा आवाज, "नाही भेटली ना? माझा पाटा आणला असता तर चटणी तरी भेटली असती." मला हसू आलं, पण त्यांच्याकडे बघून मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन वायर आणली. मग टोपात उजेड पडला, पण टोपासोबतचे हातात धरायचे दोन दांडे कॉम्प्युटरला ओळखेनात. त्यांच्यासाठी नखाएवढं ब्लूटूथ निराळं लागतं. पुन्हा सीताबर्डी. मग चित्र दिसलं, पण सपाट, भिंतीवरच्या टीव्हीसारखं. मग ते चहूकडचं दाखवणारा प्रोग्राम शोधला. कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून त्यांनी तो टोपही ऐकला बरं का, आणि म्हणाले, "आतला पंखा चांगला आहे." इकडे वहीत रोज दहाची नोंद पडतच होती. महिन्यातले आठ दिवस उरले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "जावईबापू, हे खेळणं सोडा. तिच्या पायाचं पाहा." त्यांनी मान खाली घातली. "मोठ्या बाई, पायाचंच पाहून राहिलो. मले दुसरं काही येत नाही ना."

मी हॉलमध्ये पसरलेल्या वायरी ट्रंकेत भरायला लागले.

त्या शनिवारी त्यांनी टोप आधी माझ्या डोक्यावर चढवला. आणि बाप्पा! मी कोराडीत. मान वळवली तर दार, आणखी वळवली तर सदाफुली, वर बघितलं तर आभाळ. दोरीवर बेबीच्या चादरी, त्यांचा निळा शर्ट. खाली बघितलं तर मला पायच नाहीत. माझं डोकं गरगरलं, मी एका मिनिटात टोप काढून ठेवला. जावईबापू मात्र नाराज होते. "बाकी सगळं मस्त आहे, पण शेवटी शेवटी एक बाई जोरात ओरडते. तेवढा आवाज कापाचा होता, पण मले ते जमून नाही राहिलं. तुमच्या बहिणीले त्रास होईल." मी म्हटलं, राहू द्या एखादी बाई ओरडली तर. माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

बेबीला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, समोर सवयीनं वॉकर ठेवला. टोप घालायला ती तयारच नव्हती. "घोड्यासारखी झापडं बांधून राहिले का मले?" म्हणाली. पण घातल्यावर दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मग हळूहळू बोलायला लागली. "कढीपत्ता किती वाढला होता वं… दाराले तोरण तसंच आहे… पाहा, बादली पालथी पाडली, तरी मी म्हणो माझी बादली कुठं गेली." मान इकडे फिरव, तिकडे फिरव. दहा मिनिटं झाली असतील. जावईबापू तिच्या पुढ्यात वही घेऊन उभे, मी खुर्चीच्या मागे.

टोपाच्या कानातून एक बारीक आवाज मलाही ऐकू आला. कोणत्या अंगणातून, कोणती शेजारीण, देव जाणे. "वारा फिरला वं!"

आणि बेबी उठली.

कोणी धरलं नाही, कोणी म्हटलं नाही. वॉकरला एक हात लावला न लावला, आणि उभी. तिचे दोन्ही हात वर गेले, हवेतले चिमटे पटापट काढायला लागले. मी तोंडावर हात धरला. जावईबापूंच्या हातातून वही पडली. ते तेहतीस वर्षं त्या क्वार्टरमध्ये राहिले, पण ही आरोळी त्यांना माहीतच नव्हती; ती यायची तेव्हा हे तिकडे चिमणीखाली असायचे, नाहीतर रातपाळी करून झोपलेले. बेबीनं काहीच नसलेली एक चादर ओढली, खांद्यावर टाकली, दुसरी ओढली, आणि चिडून म्हणाली, "अवो, घ्या ना! पाहत काय राहिले? एकटीनं किती काढू?"

जावईबापूंनी दोन्ही हात पुढे केले.

ती काढत गेली, त्यांच्या हातांवर टाकत गेली, आणि ते घेत गेले. घडी विस्कटू नये म्हणून की काय, हनुवटीनं वरून दाबून धरत होते ते, खरोखर कपडे असल्यासारखं. "हा शर्ट ओला आहे अजून, वेगळा धरा," ती म्हणाली. त्यांनी एक हात वेगळा केला. शेवटचा कपडा निघाला असेल, तेवढ्यात चित्र संपलं आणि टोपात अंधार झाला. बेबी दचकली. "अवो? मी उभी आहे का?"

"आहे ना वं."

"केव्हाची?"

आम्ही तिला बसवलं, मी आत जाऊन चहा ठेवला आणि डोळेही पुसून घेतले. बाहेर आले तर वही उघडी होती. उजव्या रकान्यात लिहिलं होतं, "वारा फिरला. सौ. उठल्या. कपडे आत घेतले." डाव्या रकान्यात वेळेची जागा कोरी. मी बोट ठेवलं, तर म्हणाले, "घड्याळाकडे पाह्यलंच नाही, मोठ्या बाई. हातात कपडे होते."

आता बेबी काठी घेऊन घरभर हिंडते. जिना अजून उतरत नाही. म्हणूनच टोप कपाटात गेला तरी कॉम्प्युटरच्या स्विचवरची लाल पाटी तशीच आहे, ज्यानं टांगली तो काढत नाही. "काम चालू आहे," एवढंच म्हणतात. अंगण आता दुसऱ्या कोणाचं आहे, तिथली दोरीही त्यांचीच, आणि आमच्या या दोघांचीही वयं काही मागे जात नाहीत; मला ते दिसतं. पण हुडकेश्वरच्या गॅलरीत दुपारी वारा सुटला, की बेबी काठी भिंतीला टेकवते आणि तारेवरचे कपडे काढायला लागते, आणि जावईबापू असतील तिथून उठून तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभे राहतात. मी ओरडते, "अवं, इथं राख नाही पडत, अर्धे ओले आहेत ते!" दोघंही ऐकत नाहीत.